वायू उडून जातो, तारे मागे राहतात: गर्दीत शिरलेल्या सर्पिल दीर्घिकांची गोष्ट

मे महिन्याच्या मध्यावर, वळवाचे ढग नसतील तर, रात्री साडेनऊ-दहाला सांगलीतून सरळ डोक्यावर बघा. सिंह राशीच्या शेपटीचा तारा, म्हणजे उत्तरा फाल्गुनी, आणि कन्या राशीचा वरचा भाग यांच्यामध्ये आकाशाचा एक तुकडा रिकामाच वाटतो. शहरातून तिथं खरंच काही दिसत नाही. दुर्बीण घेऊन दंडोबाच्या डोंगरावर किंवा जतकडच्या एखाद्या माळावर गेलं, की त्याच तुकड्यातून धुरकट ठिपके निघायला लागतात. आठ इंची दुर्बिणीत मेसिए 84 आणि मेसिए 86 हे दोन ठिपके शेजारी शेजारी येतात, आणि तिथून पुढं वाकड्या रांगेत आणखी काही. हा कन्या राशीतला दीर्घिकासमूह. दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखा ताऱ्यांचा आणि वायूचा प्रचंड पसारा. अंतर सुमारे 5 कोटी 40 लाख प्रकाशवर्षं, आणि लहानमोठ्या मिळून हजारावर दीर्घिका.

पहिल्यांदाच डोळा लावणाऱ्याचा जरा हिरमोड होतो. मोबाईलवर बघितलेल्या फोटोत दीर्घिकेला कसे निळसर, वळणदार हात असतात! इथं नुसता पुसट गोळा. यातला अर्धा दोष दुर्बिणीचा आहे, आठ इंचात एवढ्या लांबच्या सर्पिल दीर्घिकेचेही हात दिसत नाहीत. उरलेला अर्धा मात्र दुर्बिणीचा नाही. मेसिए 84, 86 आणि समूहाच्या मध्याशी बसलेली मेसिए 87 यांना हात नाहीतच. हबल दुर्बिणीतून बघितलं तरी नाहीत.

आपल्या आकाशगंगेसारख्या मोकळ्या जागी राहणाऱ्या मोठ्या दीर्घिका बहुतांशी सर्पिल असतात. समूहाच्या गाभ्यात मात्र सर्पिल शोधाव्या लागतात. ॲलन ड्रेसलर या खगोलशास्त्रज्ञाने 1980 साली 55 समूहांमधल्या सुमारे 6 हजार दीर्घिकांची वर्गवारी करून हे पक्कं केलं. दाटी जितकी जास्त, तितक्या सर्पिल कमी आणि बिनहाताच्या, तांबूस, नवे तारे न जन्मणाऱ्या दीर्घिका जास्त. लंबवर्तुळाकार दीर्घिकांची कूळकथा वेगळी आहे. त्यातल्या बऱ्याचशा फार पूर्वी दीर्घिका एकमेकींत मिसळून बनल्या, त्यांना इथं बाजूला ठेवू. प्रश्न आहे तो बाहेरून समूहात पडणाऱ्या धडधाकट सर्पिल दीर्घिकांचा. त्या आत शिरतात आणि त्यांच्यात तारे जन्माला येणं हळूहळू का थांबतं?

उत्तर फोटोत सापडत नाही. फोटोत तारे दिसतात आणि तारे तर जागच्या जागी असतात. बघायचा असतो तो वायू.

कच्चा माल

तारा बनतो थंड, दाट वायूच्या ढगातून. या ढगांचं तापमान शून्याखाली 250-260 अंश सेल्सिअस असतं आणि त्यात हायड्रोजनचे अणू जोडीजोडीने, म्हणजे रेणूंच्या रूपात असतात. आपल्या आकाशगंगेत दरवर्षी साधारण एक-दोन सूर्यांइतक्या वस्तुमानाचे नवे तारे तयार होतात. एवढ्या अवाढव्य पसाऱ्यात वर्षाला दोन सूर्य हा आकडा किरकोळ वाटतो. पण सर्पिल दीर्घिकांमधला रेणूरूपी वायू आणि तारे बनण्याचा वेग यांचा भागाकार केला, तर हातात असलेला साठा जेमतेम 200 कोटी वर्षं पुरेल असं दिसतं. दीर्घिकांचं वय हजार कोटी वर्षांच्या पुढचं. म्हणजे बाहेरून भर पडत राहिल्याशिवाय हा कारखाना इतकी वर्षं चाललाच नसता.

ती भर येते अणुरूपी हायड्रोजनमधून. हा वायू जास्त विरळ असतो आणि दीर्घिकेच्या दिसणाऱ्या तबकडीच्या बराच बाहेरपर्यंत पसरलेला असतो. निरोगी सर्पिल दीर्घिकेत हायड्रोजनच्या तबकडीचा व्यास ताऱ्यांच्या तबकडीच्या पावणेदोन पटीच्या आसपास भरतो. त्याच्याही बाहेर अतिविरळ वायूचं वेष्टण असतं, त्यातून सावकाश झिरपत वायू खाली येतो, थंड होतो, दाट होतो, आणि मग त्यातून तारे.

अणुरूपी हायड्रोजन डोळ्यांना दिसत नाही, पण तो 21 सेंटिमीटर लांबीच्या रेडिओ लहरी सोडतो. अणूतला इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन यांच्या फिरकीची एकमेकींशी असलेली दिशा उलटली की अशी एक लहर सुटते. एकट्या सोडलेल्या अणूवर ही वेळ सरासरी कोटभर वर्षांतून एकदा येते. तरीही ती आपल्याला सापडते, कारण अणूंच्या संख्येला अंत नाही. हेंड्रिक फान डे हुल्स्ट या डच शास्त्रज्ञाने 1944 साली, नेदरलँड्स जर्मनांच्या ताब्यात असताना, कागदावर हे भाकीत मांडलं आणि 1951 साली अमेरिकेत युएन आणि पर्सेल यांनी ती लहर प्रत्यक्ष पकडली. आपल्याकडे हेच काम जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण करते. नारायणगावजवळच्या खोडदला 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या सुमारे 25 किलोमीटरच्या पसाऱ्यात उभ्या आहेत. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी उभारलेलं हे काम सांगली-सातारकरांनी एकदा तरी पुणं ओलांडून बघून यावं. 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथं जत्राच भरते.

न दिसणारा वारा

समूहातल्या दोन दीर्घिकांच्या मधली जागा मोकळी असेल, असा कोणाचाही समज होईल. 1960 च्या दशकात क्ष-किरण ओळखणारी उपकरणं रॉकेटवर चढवून वातावरणाच्या वर धाडली, तेव्हा मेसिए 87 च्या दिशेने क्ष-किरण येताना आढळले. पुढे 1970 मध्ये सोडलेल्या उहुरू उपग्रहाने आणि नंतरच्या दुर्बिणींनी स्पष्ट केलं, की समूहच्या समूह वायूने भरलेले आहेत. हा वायू कोट्यवधी अंश तापलेला असतो, कन्या समूहात दोन-तीन कोटी आणि अरुंधतीकेश या दुसऱ्या एका समूहात दहा कोटींच्या आसपास. समूहातल्या सगळ्या दीर्घिकांमधल्या सगळ्या ताऱ्यांची बेरीज केली तरी या वायूचं वस्तुमान त्याच्या कित्येक पट भरतं. पण तो पसरलाय इतक्या प्रचंड जागेत, की गाभ्याजवळही एका लिटरच्या बाटलीत जेमतेम एक-दोन कण सापडतील.

आता यात एक सर्पिल दीर्घिका शिरते. समूहाच्या गुरुत्वाकर्षणाने ओढली जात असल्याने तिचा वेग सेकंदाला हजार किलोमीटरच्या घरात असतो. समूहातला वायू जागेवर उभा असला तरी दीर्घिकेच्या दृष्टीने समोरून वारा सुटतो.

साखरेच्या हंगामात आष्ट्याहून सांगलीकडे दुचाकीवर आलेल्या कोणालाही यापुढचं समजावून सांगायची गरज नाही. पुढं बगॅस भरलेला ट्रक, ताडपत्री अर्धी सुटलेली. हवा पडलेली असते, झाडाचं पान हलत नसतं, पण ट्रक साठच्या वेगाने चालला की वरचा आणि कडेचा भुसा उडून मागच्याच्या डोळ्यांत. खाली दाबून बसलेला भुसा हलत नाही. ट्रकचं लोखंड तर नाहीच नाही. आणि ट्रकने वेग वाढवला तर उडणं नुसतं वाढत नाही, एकदम पिसाळतं, कारण वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट, तर दाब चौपट.

जेम्स गन आणि रिचर्ड गॉट यांनी 1972 साली हाच हिशेब दीर्घिकांसाठी मांडला. समोरच्या वायूची घनता गुणिले वेगाचा वर्ग, एवढा दाब दीर्घिकेतल्या वायूवर पडतो. त्याला रॅम प्रेशर म्हणतात. दुसऱ्या बाजूला दीर्घिकेचं स्वतःचं गुरुत्वाकर्षण तो वायू धरून ठेवतं. जिथं दाब वरचढ ठरेल तिथला वायू गेला, जिथं ओढ वरचढ ठरेल तिथला राहिला. दीड-दोन ओळींचं समीकरण आहे, आणि पन्नास वर्षांनंतरही पहिला अंदाज त्याच्यावरूनच बांधतात.

मागं एकदा दंडोबावर तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार पोराला घेऊन आले होते. सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मास्तर, लिटरभर बाटलीत एक कण म्हणताय. आन् तसल्या वाऱ्यानं अख्खी दीर्घिका सोलून निघती? हे काय पटंना बघा."

शंका रास्त होती. लाल बॅटरीच्या उजेडात वही काढली आणि दोघांनी मिळून हिशेब केला, तो इथं देतो.

लिटरला एक प्रोटॉन म्हणजे घनमीटरला हजार. वेग सेकंदाला हजार किलोमीटर. गुणाकार केला की दाब येतो तो आपल्या भोवतालच्या हवेच्या दाबाला सहावर सोळा शून्यं ठेवलेल्या आकड्याने भागल्यावर उरेल इतका. "म्हंजे काहीच न्हाई की!" असं ते म्हणाले, आणि इथवर त्यांचंच बरोबर.

आता उडवायचा माल किती आहे ते बघू. सर्पिल दीर्घिकेच्या काठाशी तबकडीवर एक चौरस मीटरचा चौकोन आखा आणि वरपासून खालपर्यंत, म्हणजे शेकडो प्रकाशवर्षांच्या जाडीत, त्या चौकोनावर जेवढा वायू आहे तो सगळा गोळा करा. किती भरेल? दहा ग्रॅमच्या आसपास. फक्त दहा ग्रॅम! त्या दहा ग्रॅमवर तो नगण्य दाब दहा कोटी वर्षं सतत पडत राहिला, तर त्याचा वेग सेकंदाला पाचशे किलोमीटरवर जातो. खगोलाच्या मानाने दहा कोटी वर्षं काही फार नाहीत, समूहाचा मधला दाट भाग ओलांडायलाच त्याहून जास्त लागतात. काठावर ताऱ्यांची दाटी कमी, त्यामुळे वायूला धरून ठेवणारी ओढ या दाबाच्या दहाव्या-विसाव्या हिश्शाइतकीच भरते. तबकडीच्या मध्याकडे चित्र उलटं. तिथं तारेही दाट, वायूही दाट, आणि ओढ दाबाच्या दसपट. म्हणून वायू बाहेरून आत सोलला जातो आणि मध्येच कुठंतरी थांबतो.

"मग तारं का न्हाईत उडत?"

तेही मोजता येतं. सूर्याचं वस्तुमान त्याच्या वर्तुळाच्या क्षेत्रफळात वाटलं, तर एका चौरस मीटरमागे सव्वा लाख कोटी किलो येतं. एकीकडे दहा ग्रॅम, दुसरीकडे सव्वा लाख कोटी किलो. वाऱ्याला सूर्य आहे हे कळणारही नाही.

नकाशात काय दिसलं

कन्या समूहातल्या सर्पिल दीर्घिकांमध्ये हायड्रोजन कमी आहे, हे गन आणि गॉट यांच्या निबंधापाठोपाठ 1973 सालीच नोंदलं गेलं. पुढच्या दशकात मार्था हेन्स आणि रिकार्डो जियोव्हानेली यांनी अरेसिबोच्या 305 मीटरच्या रेडिओ दुर्बिणीवर शेकडो दीर्घिका तपासल्या. त्यांची पद्धत साधी आणि म्हणूनच बिनतोड होती. एखाद्या दीर्घिकेत हायड्रोजन किती असायला हवा, हे त्याच जातीच्या आणि त्याच आकाराच्या मोकळ्यावरच्या दीर्घिकांवरून ठरवायचं. मग प्रत्यक्षात किती आहे ते मोजायचं. कन्या आणि अरुंधतीकेशच्या गाभ्याजवळच्या दीर्घिकांत तूट निघाली, काही ठिकाणी तर अपेक्षेच्या दहावा हिस्साही वायू नाही.

पण नुसत्या तुटीवरून चोर कोण ते कळत नाही. त्यासाठी वायू कुठून गेला हे बघावं लागतं. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत न्यू मेक्सिकोतल्या व्हीएलए या रेडिओ दुर्बिणींनी कन्या समूहातल्या 53 दीर्घिकांचे हायड्रोजनचे नकाशे काढले. मला स्वतःला या सगळ्या विषयात सर्वांत बोलका पुरावा वाटतो तो हे नकाशे दीर्घिकांच्या फोटोवर ठेवून बघणं. समूहापासून लांब असलेल्या दीर्घिकांत हायड्रोजन ताऱ्यांच्या बाहेरपर्यंत मोकळा पसरलेला. जरा आत आलेल्यांत काहींना एका बाजूला हायड्रोजनच्या लांब शेपट्या, आणि बहुतेक शेपट्यांचं तोंड मेसिए 87 च्या उलट दिशेला. अगदी मध्याजवळच्या दीर्घिकांत हायड्रोजनची तबकडी आक्रसून ताऱ्यांच्या तबकडीपेक्षा लहान झालेली.

त्यातली एनजीसी 4522 बघावी. ही दीर्घिका आपल्याला जवळजवळ कडेवरून दिसते, त्यामुळे काही लपत नाही. ताऱ्यांची तबकडी सरळ, नीटस, कुठं वाकलेली नाही. हायड्रोजन मात्र बाहेरच्या भागातून गायब, आणि बराचसा तबकडी सोडून एका बाजूला वर उचलला गेलेला. दुसऱ्या एखाद्या दीर्घिकेने जवळून जाताना खेचाखेच केली असती, तर तारेही विस्कटले असते, कारण गुरुत्वाकर्षण तारा आणि वायू असा भेद करत नाही. वारा करतो.

दुसरं उदाहरण मेसिए 90. आठ इंची दुर्बिणीत ही मोठी, लांबट डागासारखी दिसते. विश्व प्रसरण पावत असतानाही ही आपल्याकडे सेकंदाला दोनशेहून जास्त किलोमीटर वेगाने येते आहे, एवढी समूहाच्या ओढीने ती भिरकावली गेली आहे. तिचा हायड्रोजन ताऱ्यांच्या तबकडीच्या आतल्या साधारण एक तृतीयांश भागात उरलाय. नवे तारेही तेवढ्याच भागात जन्मतात. बाहेरच्या भागातले हात अजून ओळखू येतात, पण त्यांच्यात जोर नाही. गुलाबी तेजोमेघ नाहीत, निळे तारे नाहीत. बाहेरचा वायू जाऊन काही दहा कोटी वर्षं झाली असावीत.

तापलेल्या हायड्रोजनच्या लाल प्रकाशावरून ताऱ्यांच्या जन्माच्या जागा नेमक्या ओळखता येतात. असा अभ्यास कन्या समूहातल्या सर्पिल दीर्घिकांवर केला, तेव्हा निम्म्याच्या आसपास दीर्घिकांत ताऱ्यांची निर्मिती काठाकडून छाटली गेलेली निघाली. मध्यावर मात्र ती बऱ्याचदा नेहमीसारखी चालू. याचं कारण रेणूरूपी वायूत आहे. तो दाट असतो, आत असतो, आणि सहजी हलत नाही. 1980 च्या दशकाच्या शेवटी जेफ्री केनी आणि ज्युडिथ यंग यांनी दाखवलं, की अणुरूपी हायड्रोजनची मोठी तूट असलेल्या कन्या समूहातल्या दीर्घिकांतही रेणूरूपी वायू बराचसा शाबूत आहे. तारे बनतात ते याच वायूपासून. म्हणून अणुरूपी हायड्रोजन गेल्या दिवशी कारखाना बंद पडत नाही. गोदाम रिकामं झालेलं असतं, पण आतल्या मशीनवरचा माल अजून चालू असतो.

शेपट्यांचं कौतुक

गेल्या वीस वर्षांत या विषयाला प्रसिद्धी मिळाली ती शेपट्यांमुळे. समूहात वेगाने घुसणाऱ्या काही दीर्घिकांच्या मागे वायूचे लांबच लांब तंतू लटकतात आणि त्यात जागोजागी नवे निळे तारे चमकतात. जेलीफिश दीर्घिका हे नाव पडलं ते यावरूनच. सुमारे 22 कोटी प्रकाशवर्षांवरच्या नॉर्मा समूहातली ईएसओ 137-001 ही त्यातली सर्वांत गाजलेली. तिची शेपटी क्ष-किरणांतही दिसते आणि त्या शेपटीत थंड रेणूरूपी वायूही सापडलाय. अरुंधतीकेश समूहातल्या डी100 ची शेपटी जवळजवळ दोन लाख प्रकाशवर्षं लांब आणि रुंदीला मात्र जेमतेम सात हजार.

यात भारताचाही हात लागलाय. 2015 साली श्रीहरिकोट्याहून सुटलेल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरच्या अतिनील दुर्बिणीने एबेल 85 या समूहातली जेओ201 नावाची दीर्घिका टिपली. ती समूहातल्या वायूतून सेकंदाला 3,300 किलोमीटरहून जास्त वेगाने, जवळजवळ थेट आपल्या दिशेने येते आहे. अतिनील प्रकाश देतात ते नुकतेच जन्मलेले, मोठे, तापट तारे. तबकडीबाहेर, उडालेल्या वायूत, अशा ताऱ्यांचे पुंजके त्या चित्रात स्वच्छ दिसतात. म्हणजे दीर्घिकेतून बाहेर फेकलेला वायूसुद्धा जाता जाता तारे घडवतो. हे तारे कोणत्याच दीर्घिकेचे राहत नाहीत, बरेचसे समूहातल्या मोकळ्या जागेत पांगतात.

बियांका पोजियांती यांच्या गटाने चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीवर अशा आणि तुलनेसाठी घेतलेल्या मिळून 114 दीर्घिका बारकाईने तपासल्या. एक निष्कर्ष वरवर उलटा वाटतो. वाऱ्याचा मारा ऐन जोरात असताना दीर्घिकेतली ताऱ्यांची निर्मिती घटण्याऐवजी थोडी वाढलेली दिसते. समोरून दाब आला की उरलेला वायू दाबला जातो, दाट होतो आणि तारे भराभर बनतात. विझण्याआधी ज्योत मोठी व्हावी तसला प्रकार. पण हा भर थोड्या काळाचा. वायू संपायची वेळ त्याने उलट लवकर येते.

माझं मत विचाराल, तर या चित्रांनी एक गैरसमजही पसरवलाय. समूहातली प्रत्येक दीर्घिका अशीच वाजतगाजत, शेपटी फडकवत संपते असं वाटायला लागतं. तसं नाही. निमूटपणे संपणारीही पुष्कळ आहेत.

1980 साली रिचर्ड लार्सन, बिअट्रिस टिन्सली आणि नेल्सन काल्डवेल यांनी एक वेगळा मार्ग सुचवला होता. दीर्घिकेच्या तबकडीतल्या वायूला कोणी हात लावायची गरज नाही. तबकडीबाहेरचं विरळ वायूचं वेष्टण तेवढं काढून घ्या. ते इतकं सैल बांधलेलं असतं, की समूहाच्या बाहेरच्या भागात, कमी वाऱ्यातही निघून जातं. नवी भर थांबली, की दीर्घिका शिलकीवर जगते. बसून खाल्लं तर कुबेराचं भांडारही पुरत नाही, इथं तर शिल्लक काही शे कोटी वर्षांची.

या दोन मार्गांत फरक ओळखायची एक सुरेख युक्ती आहे. ताऱ्यांच्या पोटात कार्बन, ऑक्सिजन, लोह अशी जड मूलद्रव्यं तयार होतात आणि तारे संपताना वायूत मिसळतात. बाहेरून ताजा हायड्रोजन येत असतो तोवर हे मिश्रण पातळ राहतं. भर थांबली तर उरल्या वायूत जड मूलद्रव्यांचं प्रमाण चढत जातं आणि शेवटी बनलेल्या ताऱ्यांत ते उतरतं. उलट सगळा वायू एकदम उडून गेला, तर चढायला वेळच मिळत नाही. यिंगजिये पेंग आणि सहकाऱ्यांनी 2015 साली सुमारे 26 हजार दीर्घिकांची अशी तपासणी केली. थंडावलेल्या दीर्घिकांत जड मूलद्रव्यं स्पष्टपणे जास्त निघाली, आणि बंद पडायला साधारण 400 कोटी वर्षं लागल्याचा हिशेब आला. ही तपासणी फक्त समूहातल्या दीर्घिकांची नव्हती. पण उपासमारीचा, म्हणजे बाहेरची भर थांबण्याचा, मार्ग बाजूला सारता येत नाही, एवढं तिने दाखवून दिलं.

बाकीचे मार्गही आहेत. दीर्घिका एकमेकींच्या जवळून भरधाव जाताना वारंवार धक्के बसतात, तबकड्या विस्कटतात. सुरुवातीला सांगितलेल्या वाकड्या रांगेतच एनजीसी 4438 ही अशी पिळवटलेली दीर्घिका आहे, आणि तिच्यापासून मेसिए 86 पर्यंत तापलेल्या वायूचे तंतू गेलेले सापडले आहेत. शिवाय बऱ्याच दीर्घिका थेट मोठ्या समूहात पडत नाहीत, आधी आठ-दहा दीर्घिकांच्या लहान घोळक्यात राहतात आणि तिथंच थोडा वायू गमावून येतात. एकाच दीर्घिकेवर हे सगळं लागोपाठ होऊ शकतं, त्यामुळे "अमुक एकच कारण" असं ठासून सांगणाऱ्यावर जरा जपूनच विश्वास ठेवावा. वायू गेला की सर्पिल दीर्घिकेची थेट बिनहाताची भिंगाच्या आकाराची दीर्घिका होते, असं सर्रास लिहिलेलं आढळतं. पण तसल्या दीर्घिकांचा मधला फुगवटा बऱ्याचदा मोठा असतो, आणि नुसत्या वाऱ्याने फुगवटा वाढत नाही.

पूर्वी ही स्थिती नव्हती, याचाही पुरावा आहे. हार्वे बुचर आणि ऑगस्टस ओमलर यांनी 1978 मध्ये लांबचे समूह तपासले. तिथून निघालेला प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे 400 कोटी वर्षं लागली होती. त्या जुन्या समूहांत निळ्या, तारे घडवणाऱ्या दीर्घिका आजच्या समूहांपेक्षा बऱ्याच जास्त होत्या.

आपल्या आकाशगंगेला मोठ्या समूहाची ही भानगड नाही. ती आणि देवयानी दीर्घिका मिळून लहानशा घोळक्यात आहेत. पण आकाशगंगेच्या भोवतीही विरळ, तापलेल्या वायूचं वेष्टण आहे, आणि तिच्याभोवती फिरणाऱ्या बटू दीर्घिकांना तोच वारा लागतो. आकाशगंगेच्या जवळपासच्या बटू दीर्घिकांत हायड्रोजन जवळजवळ नाहीच, लांबच्या बटूंत तो आहे. ठळक अपवाद मोठ्या आणि छोट्या मॅजेलनिक मेघांचा. सांगलीतून मोठा मेघ क्षितिजाच्या चार अंशांपेक्षा वर येत नाही, म्हणजे दिसला नाही असंच धरा. सुमारे 1 लाख 60 हजार प्रकाशवर्षांवरचा हा मेघ सेकंदाला तीनशेहून जास्त किलोमीटर वेगाने चाललाय, आणि ज्या बाजूने तो पुढं सरकतो त्या बाजूला त्याचा हायड्रोजन ताऱ्यांच्या आतच छाटला गेलाय. गन आणि गॉट यांचा हिशेब इथं उलटा चालवला गेला. वेग माहीत, ओढ माहीत, छाटणी कुठवर झाली तेही माहीत. मग समोरच्या वायूची घनता काढता येते. आकाशगंगेभोवतीच्या वेष्टणात त्या अंतरावर वायू किती, हे असं निघालं: दहा लिटरला साधारण एक कण.